काळ्या मातीत घर बांधताय? पाया हलू नये म्हणून काय करायचं ते सोप्या भाषेत

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलात तर नव्या प्लॉटिंगमधली घरं जरा नीट बघा. बांधून चार-पाच वर्षंही झालेली नसतात, पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालेली दिसते. पुटी भरून, रंग मारून ती झाकतात. पुढच्या वर्षी तीच भेग त्याच जागी पुन्हा हजर! पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं आणि मे महिन्यात आपोआप नीट लागायला लागतं. कुठे हॉलची फरशी मधोमध फुगून वर आलेली असते.

मग चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं मिस्त्रीने सिमेंट खाल्लं, कोणी म्हणतं सळई हलकी होती. कधी कधी तसं असतंही. पण काळ्या मातीच्या भागात बऱ्याचदा खरं कारण वेगळंच असतं : घराखालची जमीनच दरवर्षी वर-खाली होत असते.

घर हा बहुतेक कुटुंबांचा आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च. त्यातला जो भाग एकदा बुजवला की पुन्हा दिसत नाही, तोच पाया. टाइल्स आवडल्या नाहीत तर बदलता येतात, पाया बदलता येत नाही. म्हणून घरात कोणी बांधकाम काढणार असेल, तर खड्डे खोदायच्या आधी हा लेख वाचा आणि घरातल्या मोठ्यांनाही दाखवा.

"काळी" आणि "पांढरी" : जुन्या लोकांना काय माहीत होतं?

महाराष्ट्रातल्या जुन्या गावांत जमिनीसाठी दोन शब्द वापरले जायचे. "पांढरी" म्हणजे गावठाण, जिथे वस्ती असते ती जागा. "काळी" म्हणजे शेतीची जमीन. पिढ्यान्पिढ्या लोक राहिल्याने, पडक्या घरांची माती आणि राख मिसळून गावठाणाची माती पांढुरकी झालेली असते. चांगली काळी जमीन पिकासाठी राखायची आणि घर पांढरीवर बांधायचं, अशी साधी वाटणी होती.

आता गावठाणं भरली. रस्त्यालगतची शेतं एनए होऊन प्लॉट पडले. म्हणजे घरं पांढरीवरून काळीवर आली. पण पाया घालायची सवय मात्र जुनीच राहिली : "सगळे पाच फूट खोदतात, आपणही पाच फूट खोदू." गडबड इथेच होते.

काळी माती फुगते कशी?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्ट, म्हणजे आपल्या काळ्या दगडावर वसलेला आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा लाव्हा थरावर थर पसरून हा खडक तयार झाला. तो लाखो वर्षं झिजत, कुजत गेला आणि त्यातून आपली काळी माती बनली. तिलाच रेगूर किंवा कापसाची काळी माती म्हणतात.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. नाव अवघड आहे, पण काम समजायला सोपं. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. एकेक थर साधारण १ नॅनोमीटर जाडीचा. या थरांची एकमेकांवरची पकड सैल असते, त्यामुळे पाणी थेट दोन थरांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना दूर ढकलतं. असे अब्जावधी थर थोडे थोडे दूर सरकले की सगळी जमीनच फुगते. भिजवलेला साबुदाणा कसा भांडं भरून वर येतो, तसंच.

उन्हाळ्यात उलटं होतं. पाणी उडून जातं, थर जवळ येतात, माती आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस आला की भेगा मिटतात. हे चक्र दरवर्षी चालूच.

फुगणाऱ्या मातीचा जोर किती असतो? प्रयोगशाळेत काही नमुन्यांचा दाब चौरस मीटरला २० टनांच्या पुढे गेलेला आढळतो. त्यापुढे फरशी किंवा एका मजल्याच्या हलक्या भिंतीचं वजन काहीच नाही. म्हणूनच गंमत अशी, की काळ्या मातीत उंच इमारतीपेक्षा बैठ्या घराला भेगा पडायचा धोका जास्त असतो. इमारत जड असते आणि तिचा पायाही खोल नेलेला असतो. बैठं घर हलकं असतं, माती त्याला सहज उचलते.

मग सगळं घर एकत्रच का उचललं जात नाही?

हाच कळीचा मुद्दा आहे. सगळं घर सारखं वर गेलं आणि सारखं खाली आलं असतं, तर एकही भेग पडली नसती. पण पाणी सगळीकडे सारखं पोचत नाही.

घराच्या मधल्या भागावर छप्पर आणि फरशी असते. तिथे ना थेट पाऊस पडतो, ना ऊन लागतं. त्यामुळे मधली माती कायम थोडी दमट राहते. बाहेरच्या कडेची माती मात्र पावसात भिजते आणि उन्हात सुकते. उन्हाळ्यात कडा खाली बसतात, मधला भाग उंच राहतो. पावसाळ्यात कडा वर येतात. एका कोपऱ्यात न्हाणीचं पाणी मुरत असेल, तर तेवढाच कोपरा वर येतो. विटांची भिंत असं वाकणं सहन करू शकत नाही, ती फाटते. आणि फाटते जिथे ती सगळ्यात कमजोर असते तिथे, म्हणजे खिडकी-दरवाजाच्या कोपऱ्यात.

भेगेवरून थोडा अंदाज येतो. वर रुंद आणि खाली बारीक भेग असेल, तर बहुधा कडा खाली बसल्या आहेत. खाली रुंद आणि वर बारीक असेल, तर कडा उचलल्या गेल्या आहेत किंवा मधला भाग बसला आहे. भेग ऋतूप्रमाणे उघडत-मिटत असेल, तर मातीवर संशय घ्यायला पक्कं कारण आहे.

म्हणजे शत्रू माती नाही, आणि नुसतं पाणीही नाही. मातीतल्या ओलाव्याचा बदल हा खरा शत्रू. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात.

तुमच्या प्लॉटची माती फुगणारी आहे का?

आधी फुकटात होणारी पाहणी करा.

१. एप्रिल-मेमध्ये प्लॉटवर जा. जमिनीला खोल, एकमेकींत मिसळणाऱ्या भेगा आहेत का बघा.
२. ओली माती बोटांत चोळा. गुळगुळीत लागते, चिकटून राहते आणि धुतली तरी लवकर निघत नाही, तर चिकणमाती भरपूर आहे.
३. शेजारची पाच-दहा वर्षं जुनी घरं बघा. भिंती आणि कंपाउंड वॉल सगळं सांगून जातात. कंपाउंडचा पाया उथळ असतो, म्हणून ती आधी वाकडी होते.
४. जवळ कोणाची विहीर किंवा खोदलेला खड्डा असेल तर काळी माती किती खोल आहे आणि खाली मुरूम लागतो का ते पाहा.

डोंगर-उतारावर काळी माती फूट-दोन फुटांतच संपून खाली मुरूम लागू शकतो. नदीकाठच्या खोऱ्यात मात्र ती कित्येक मीटर खोल असू शकते. एकाच गावात दोन प्लॉटची गोष्ट वेगळी असू शकते, म्हणून "शेजाऱ्याने असं केलं" एवढ्यावर जाऊ नका.

यानंतर माती तपासणी करून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी खाजगी लॅब असतात, बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांतही सोय असते. खत-पाण्यासाठी करतात ती शेतीची माती तपासणी वेगळी आणि ही वेगळी. ही बांधकामासाठीची तपासणी आहे, हे आधीच सांगा.

रिपोर्टमध्ये "फ्री स्वेल इंडेक्स" हा आकडा शोधा. ही चाचणी खूप सोपी आहे. चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम घेऊन दोन मोजपात्रांत टाकतात. एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. साधारण एक दिवस ठेवून दोन्हीकडची मातीची उंची वाचतात. समजा रॉकेलमध्ये माती १० मिलिलिटरवर राहिली आणि पाण्यात १८ मिलिलिटरवर गेली. म्हणजे ८ मिलिलिटर वाढली, म्हणजेच ८० टक्के फुगली.

भारतीय मानक आयएस १४९८ नुसार हा आकडा असा वाचतात :

- ५० पेक्षा कमी : फुगणं कमी
- ५० ते १०० : मध्यम
- १०० ते २०० : जास्त
- २०० च्या वर : अतिजास्त

रिपोर्टमध्ये लिक्विड लिमिट, स्वेलिंग प्रेशर वगैरे आकडेही असतात. ते तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला वाचू द्या. तुम्ही एवढंच बघा, की रिपोर्ट तुमच्याच प्लॉटच्या मातीचा आहे आणि नमुना वरच्या ढेकळाचा नाही, तर पाया जिथे टेकणार त्या खोलीवरचा आहे.

पायाचे चार मार्ग

काळ्या मातीत पाया घालण्याच्या सगळ्या पद्धतींमागे चारच विचार आहेत : माती टाळा, माती बदला, मातीच्या खाली जा, किंवा मातीबरोबर एकत्र हला.

पहिला मार्ग : काळी माती ओलांडून मुरमावर टेका

काळी माती चार-सहा फुटांत संपत असेल, तर हा सगळ्यात सरळ मार्ग. पूर्ण काळी माती खोदून काढायची आणि फुटिंग घट्ट मुरमावर किंवा खडकावर बसवायचं. इथे एकच चूक वारंवार होते. चार खड्ड्यांत मुरूम लागतो, दोन खड्ड्यांत लागत नाही आणि "पाच फूट झाले ना, बास" म्हणून ते दोन तसेच काळ्या मातीत सोडतात. मग चार कॉलम स्थिर आणि दोन हलणारे. यापेक्षा वाईट काही नाही. खोलीचा हिशोब फुटांत नको, खाली काय लागलं यावर हवा.

दुसरा मार्ग : माती बदला

काळी माती खोल असेल, पण घर छोटं असेल, तर पायाखालची काही माती काढून न फुगणारी माती भरतात. आयआयटी मुंबईतले डॉ. आर. के. कट्टी यांनी यावर मोठं काम केलं. त्यांच्या पद्धतीला सीएनएस थर म्हणतात. सीएनएस म्हणजे चिकटपणा असलेली पण न फुगणारी माती. असा साधारण १ मीटर जाडीचा, नीट दाबलेला थर फुगणाऱ्या मातीवर दिला, की खालच्या मातीचा वर येण्याचा जोर बराच कमी होतो. ही कल्पना काळ्या मातीतल्या कालव्यांसाठीही वापरली गेली.

लक्षात ठेवा, इथे नुसती वाळू भरणं बरोबर नाही. वाळूतून पाणी सहज जातं आणि खालच्या काळ्या मातीपाशी साठून राहतं, म्हणजे आपणच तिला पाणी पाजतो. योग्य मुरूम चालतो, पण तोही तपासून घ्यावा, कारण काही मुरमातही फुगणारी चिकणमाती असते. भरणी एकदम ट्रॉली ओतून करायची नाही. १५ ते २० सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर थोडं पाणी आणि रोलर किंवा धुम्मसाने दबाई.

चुना मिसळून काळी माती सुधारण्याची पद्धतही आहे. चुन्यामुळे मातीचा चिकटपणा आणि फुगणं कमी होतं. रस्त्यांच्या कामात ती चांगली चालते, पण मातीत चुना सगळीकडे सारखा मिसळला पाहिजे. फावड्याने वर चुना भुरभुरवून काही होत नाही.

तिसरा मार्ग : हलणाऱ्या थराच्या खाली पाय रोवा

पाऊस आणि ऊन यांचा परिणाम ठरावीक खोलीपर्यंतच होतो. आपल्याकडच्या खोल काळ्या मातीत साधारण ३.५ मीटर, म्हणजे साडेअकरा फुटांच्या खाली मातीची हालचाल नगण्य होते असं धरतात. आता विचार करा, पाच फुटांवर टेकलेलं फुटिंग कुठे आहे? बरोब्बर हलणाऱ्या थराच्या मध्ये!

यावरचा भारतीय उपाय म्हणजे अंडर-रीम्ड पाइल. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने हे तंत्र आपल्याकडे विकसित करून रुजवलं. जमिनीत ऑगरने एक अरुंद, खोल भोक पाडतात. मग एका खास हत्याराने तळाजवळ ते भोक घंटेसारखं रुंद करतात. त्यात सळईचा पिंजरा सोडून काँक्रीट भरतात. तयार होतो एक खांब, ज्याच्या खालच्या टोकाला मोठा फुगा आहे.

हा फुगा दोन कामं करतो. एक, घराचं वजन मोठ्या जागेवर टेकवतो. दोन, वरची माती फुगून खांबाला धरून वर ओढायला लागली, की हा फुगा खालच्या स्थिर मातीत अडकून बसतो आणि खांब उपसू देत नाही. कांदे उपटताना पातीला धरून ओढलं तरी कांदा अडून राहतो ना, तसंच. खांबावर असा वर ओढणारा ताण येतो म्हणून सळई वरपासून खालपर्यंत सलग हवी. काँक्रीट दाब सोसतं, ओढ सोसायचं काम सळईचं.

आयएस २९११ भाग ३ हे याचं मानक. ड्रॉइंग हातात आलं तर या गोष्टी बघा :

- लांबी : खोल काळ्या मातीत किमान ३.५ मीटर
- फुग्याचा व्यास : साधारणपणे खांबाच्या अडीचपट. खांब ३०० मिलिमीटरचा असेल, तर फुगा ७५० मिलिमीटरचा
- दोन पाइलमधलं अंतर : फुग्याच्या व्यासाच्या किमान दुप्पट. वरच्या उदाहरणात १.५ मीटर
- पाइलांवरच्या बीमखाली मोकळी जागा : किमान ८० मिलिमीटर

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त चुकतो. पाइलांना जोडणारा बीम जमिनीला टेकलेला नको. बीम आणि माती यांच्यात मोकळी फट हवी, म्हणजे माती फुगली तर तिला वर यायला जागा मिळते. पण साइटवर काय होतं? सेंट्रिंगचा खर्च वाचवायला बीम सरळ मातीवर ओततात, किंवा ठेवलेल्या फटीत नंतर मातीच भरतात. मग पाइल कितीही चांगले असोत, माती बीमलाच खालून ढकलते आणि सगळ्या खर्चावर पाणी.

चौथा मार्ग : एकत्र हला, पण वाकू नका

सगळ्या घराखाली एकच जाड, आडव्या-उभ्या बीमनी कडक केलेली स्लॅब द्यायची. तिला राफ्ट म्हणतात. माती हलली तरी घर होडीसारखं एकत्र हलतं, वाकत नाही. ऑस्ट्रेलियातही अशा फुगणाऱ्या मातीचे मोठे पट्टे आहेत. तिथे घर बांधायच्या आधी जमीन किती मिलिमीटर हलू शकते यावरून प्लॉटला चक्क ग्रेड दिली जाते आणि त्याप्रमाणे स्लॅब ठरते. आपल्याकडेही राफ्ट वापरतात, पण सळई आणि काँक्रीट बरंच लागतं. तिचं डिझाइन इंजिनिअरनेच करायला हवं. अंदाजाने टाकलेली पातळ राफ्ट स्वतःच तडकते.

पाया चांगला, तरी फरशी का फुगते?

कारण जोत्याच्या आत भरलेली माती! पायाच्या खड्ड्यांतून निघालेली काळी माती समोरच पडलेली असते. ती बाहेर फेकायला ट्रॅक्टरचं भाडं लागतं. मग ठेकेदार तीच जोत्यात लोटतो आणि वर फरशी बसवतो. पुढे बाथरूमचं पाणी पाझरलं की फरशी वर.

जोत्यात काळी माती भरायची नाही, मुरूमच भरायचा. तोही थराथराने दाबून. काळ्या मातीच्या भागात एवढी एक गोष्ट पाळली तरी अर्धी डोकेदुखी कमी होते.

काँक्रीटचं काय?

पायाचं डिझाइन बरोबर असूनही काँक्रीट कच्चं असेल तर उपयोग नाही. आयएस ४५६ या मानकातल्या काही गोष्टी लक्षात ठेवा.

- सळई असलेल्या काँक्रीटची ग्रेड किमान एम २०.
- फुटिंगमध्ये सळईवर किमान ५० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर. त्यासाठी कव्हर ब्लॉक वापरा, दगडाचे तुकडे नकोत.
- साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय ॲश असलेल्या पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारायचं. कोरड्या, कडक उन्हाळ्यात हेच १० आणि १४ दिवस.
- पाणी खारं नको. अकोला, अमरावती, बुलडाणा भागातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी सरळ वापरणं धोक्याचं आहे. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, नाहीतर सळई आतून गंजते. पाण्याचीही तपासणी करून घ्या.

आणखी एक, खोदलेला खड्डा आठवडेच्या आठवडे उघडा ठेवू नका. तळ उन्हात सुकतो किंवा पावसात भिजून लोणी होतो. खोदाई झाली की लगेच पीसीसी टाका. आणि दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधाराशिवाय किंवा बाजूंना उतार दिल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नका. भेगाळलेली काळी माती न सांगता ढासळते, आणि खाली माणूस असतो.

मोबाइल घेऊन काय करता येईल?

बरेच जण शहरात नोकरीला आणि घर गावी बांधलं जातंय, अशी परिस्थिती असते. अशा वेळी घरच्यांना व्हॉट्सॲपवर हे पाच फोटो मागा. प्रत्येक फोटो काँक्रीट ओतायच्या किंवा बुजवायच्या आधीचा हवा.

१. प्रत्येक खड्ड्याचा, आत मेजर टेप उभी धरून. तळाला मुरूम आहे की काळी माती, ते दिसलं पाहिजे.
२. सळईच्या जाळीचा, खाली कव्हर ब्लॉक दिसतील असा.
३. पाइल असतील तर सळईच्या पिंजऱ्याचा, आत सोडण्याआधी, शेजारी टेप ठेवून.
४. बीमखालच्या फटीचा.
५. जोत्यात भरल्या जाणाऱ्या मातीचा.

भांडण करायला नाही, नोंद राहावी म्हणून. फोटो काढला जाणार आहे हे माहीत असलं की कामही जरा जपून होतं.

घर आधीच बांधून झालंय आणि भेगा पडतायत, तर?

घाबरू नका, आणि लगेच पुटीही भरू नका. आधी भेग मोजा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करा, शेजारी पट्टी धरा आणि दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो काढा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा असा अल्बम झाला, की भेग ऋतूप्रमाणे हलते आहे की सतत वाढते आहे ते कळतं. इंजिनिअरला दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

दरम्यान ओलावा सारखा ठेवायचे उपाय सुरू करा :

- घराभोवती किमान १ मीटर रुंद, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करा. पावसाचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरलं नाही पाहिजे.
- छपराच्या पन्हाळीचं पाणी पाइपने लांब सोडा.
- नळाची, ड्रेनेजची गळती शोधा. शोषखड्डा घराला चिकटून असेल तर तो हलवण्याचा विचार करा.
- भिंतीलगतच्या कुंड्या आणि बगिच्याला रोज पाइपने पाणी सोडणं बंद करा.
- मोठं होणारं झाड घरापासून निदान त्याच्या पूर्ण उंचीएवढं लांब लावा. मुळं उन्हाळ्यात मातीतलं पाणी शोषतात आणि तेवढाच भाग खाली बसतो. पण जुनं मोठं झाड एकदम तोडूही नका. शोषणारं झाड गेलं की तिथली माती पुन्हा ओली होऊन फुगते.

भेग ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, वाढत असेल, किंवा कॉलम-बीमवर असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला लगेच बोलवा. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत.

नेहमी पडणारे प्रश्न

सळई जास्त टाकली तर भेगा पडणार नाहीत ना?
नुसती सळई वाढवून माती हलायची थांबत नाही. आधी पाया योग्य खोलीवर, मग सळई.

पाया खोल नेला की झालं का?
मुरमावर किंवा हलणाऱ्या थराच्या खाली टेकला असेल तरच. शिवाय बीमखालची फट आणि जोत्यातला मुरूम विसरू नका.

माती तपासणीचा खर्च खरंच करावा का?
घराच्या एकूण खर्चापुढे तो अगदी किरकोळ असतो. आणि तपासणीत माती साधी निघाली, तर महागडा पाया वाचतो. दोन्हीकडून फायदाच.

थोडक्यात

काळी माती वाईट नाही. तिच्यामुळेच आपला कापूस आणि ज्वारी आहे. ती फक्त तिच्या स्वभावाप्रमाणे वागते : पाणी मिळालं की फुगते, गेलं की आकसते. घर बांधताना तिचा स्वभाव आधी ओळखायचा. माती तपासा, खोली फुटांवर नाही तर तळावर ठरवा, बीमखाली फट ठेवा, जोत्यात मुरूम भरा आणि पाणी घरापासून दूर पाठवा. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळं पाया बुजवायच्या आधीच करता येतं. म्हणून घरी कोणी "पुढच्या महिन्यात खड्डे घेतोय" म्हणालं, तर फोन करायची वेळ तीच.